पहिल्या वेळी खारट खाल्लं, म्हणून आता अळणी?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात:

"माझं वय 31. मुलगा चौदा महिन्यांचा आहे. त्याच्या वेळी सातवा महिना संपेपर्यंत मला खारटाचेच डोहाळे होते. पाकिटातले चटकमटक पदार्थ, तयार सूप, वरून मीठ भुरभुरवून फळं, असं रोज काही ना काही. थोरल्या जाऊबाई म्हणायच्या, 'एवढं मीठ बरं नव्हे.' मी हसण्यावारी न्यायचे. 32व्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या डाव्या किडनीला थोडी सूज दिसली. गर्भजल व्यवस्थित होतं. जन्मानंतरच्या तपासणीतही सूज थोडी शिल्लक होती. डॉक्टर म्हणाले, 'घाबरण्यासारखं नाही, पुन्हा बघू.' मध्यंतरी मी वाचलं, की गरोदरपणी आईनं जास्त मीठ खाल्लं तर मुलाच्या किडन्या कमकुवत होतात. तेव्हापासून झोप लागत नाही. आता मला पुन्हा दिवस गेलेत, अकरावा आठवडा आहे. या वेळी चूक नको म्हणून तीन आठवडे मीठ पूर्ण बंद केलंय. नवऱ्याला हे पटत नाही. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मोठ्याची किडनी मी बिघडवली का? निदान धाकट्याचं तरी वाचवू शकेन ना?"

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटाकडच्या एकाच वाक्यापाशी थांबले. "उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते." हे तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय, मोठ्या दुखण्याच्या सावलीतली बारीकशी तक्रार असल्यासारखं. मला मात्र सगळ्या पत्रात तेच वाक्य सर्वांत तातडीचं वाटतं. त्याकडे येतेच. पण आधी मोठ्याबद्दल बोलू. ती बोच मनात असेपर्यंत माझं पुढचं काही तुमच्या कानांत शिरणार नाही.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका धाग्यात ओवल्या आहेत. सोनोग्राफीत दिसलेली "सूज" ही एक, आणि वाचलेल्या लेखातल्या "कमकुवत किडन्या" ही दुसरी. सोनोग्राफीच्या संदर्भात सूज म्हणतात तेव्हा किडनी दुखावली आहे किंवा तिचा दाह होतोय, असा अर्थ नसतो. किडनीत तयार झालेली लघवी मूत्रनलिकेत उतरण्याआधी एका लहानशा कुंडात जमते. ते कुंड नेहमीपेक्षा थोडं फुगलेलं दिसलं की सूज म्हणायची पद्धत आहे. शंभरातल्या एक ते पाच गर्भांमध्ये ती दिसते, मुलांत मुलींपेक्षा जास्त. बहुतेकांची पोटात असतानाच किंवा जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप ओसरते. ज्यांची ओसरत नाही त्यांच्यात बहुधा नळीच्या सुरुवातीला अरुंदपणा असतो, किंवा मूत्राशयातून लघवी उलटी वर चढत असते. म्हणजे हा प्रश्न निचऱ्याचा आहे. आईनं किती मीठ खाल्लं याच्याशी तो जोडलेला नाही.

तुम्ही वाचलेला लेख ज्याबद्दल आहे तो प्रश्न गाळणीचा. किडनीत रक्त गाळणारे अतिसूक्ष्म घटक असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख. पण माणसामाणसांत फरक केवढा! कुणाच्या एका किडनीत जेमतेम दोन लाख, तर कुणाच्या वीस लाखांहूनही अधिक. ते सगळे आईच्या पोटातच तयार होतात, साधारण नवव्या आठवड्यापासून 34-36व्या आठवड्यापर्यंत, आणि निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मानंतर एकही नवा नेफ्रॉन मिळत नाही, जेवढी शिदोरी मिळाली तेवढीच आयुष्यभर. नेफ्रॉन कमी असले की उरलेल्यांवर भार वाढतो आणि पुढे रक्तदाब चढू शकतो, हा विचार अमेरिकी किडनीतज्ज्ञ बॅरी ब्रेनर यांनी 1988 मध्ये मांडला. 2003 मध्ये जर्मनीत अपघातात गेलेल्या माणसांच्या किडन्यांतले नेफ्रॉन मोजले गेले. उच्च रक्तदाब असलेल्या दहा जणांत एका किडनीमागे मधला आकडा (मध्यक) सुमारे सात लाख निघाला, तर रक्तदाब नसलेल्या, त्याच वयाच्या दहा जणांत सुमारे चौदा लाख. म्हणजे पोटातल्या दिवसांचा आणि पुढच्या रक्तदाबाचा संबंध आहे, यात शंका नाही. तुम्ही वाचलेलं अगदीच निराधार नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पण यात मीठ कुठून आलं? मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून. त्यातला 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तुम्ही नीट समजून घ्यावा असं मला फार वाटतं. गाभण उंदरिणींचे तीन गट केले होते. एका गटाच्या खाद्यात सोडियम अगदी कमी, 0.07 टक्के. दुसऱ्यात मध्यम, 0.51 टक्के. तिसऱ्यात भरपूर, 3 टक्के. पिल्लं दूध पीत होती तोवर आयांचं खाणं तेच ठेवलं, आणि दूध सुटल्यावर सगळ्या पिल्लांना एकसारखं मध्यम मिठाचं खाणं दिलं. भरपूर मीठ खाल्लेल्या आयांच्या पिल्लांत नेफ्रॉनच्या गाळण्या कमी निघाल्या आणि नर पिल्लांचा रक्तदाब पुढे वाढला. तुमची झोप उडवणारं वाक्य बहुधा हेच.

त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग असा, की जवळजवळ अळणी खाल्लेल्या आयांच्या पिल्लांतही तेच झालं. त्यांच्याही गाळण्या कमी, त्यांच्याही नर पिल्लांचा रक्तदाब जास्त. नीट राहिली ती मधल्या गटाची पिल्लं.

आता गेल्या तीन आठवड्यांकडे बघा. ज्या संशोधनाला घाबरून तुम्ही मीठ सोडलंत, तेच संशोधन मीठ सोडू नका असं सांगतंय. आगीतून निघून फुफाट्यात पाय पडावा तसं झालंय हे.

असं दोन्ही टोकांना का होतं, त्याचं एक कारण कळण्यासारखं आहे. शरीरात मीठ आणि पाणी राखणारी संप्रेरकांची एक साखळी असते, रेनिन-अँजिओटेन्सिन नावाची. मीठ जास्त झालं की ती मंदावते, कमी पडलं की जोरात चालते. गर्भाची किडनी घडताना हीच साखळी बांधकामाच्या सूचनाही देत असते. तिच्यात ढवळाढवळ झाली तर किडनीच्या घडणीवर परिणाम होतो, आणि याचा पुरावा माणसांतही आहे. रक्तदाबाची काही औषधं, ज्यांची नावं बहुधा "प्रिल" किंवा "सार्टान"ने संपतात, ही साखळी अडवतात. म्हणूनच गरोदरपणात ती देत नाहीत. तशी एखादी गोळी तुम्हाला किंवा हे वाचणाऱ्या कुणाला चालू असेल, तर मनाने बंद न करता लगेच डॉक्टरांना विचारा, ते दुसरी देतात.

आणि उंदीर तो उंदीर. त्याच्या किडनीची घडण जन्मानंतरही आठ-दहा दिवस चालू राहते, माणसाची जन्माआधीच आटोपते. प्रयोगातलं जास्त मीठ मधल्या आहाराच्या सहा पट होतं, आणि तेही प्रत्येक घासात, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. तुम्ही खारट खाल्लंत तेव्हा तहान लागली असेल, पाणी प्यायला असाल, आणि तुमच्या किडन्यांनी जादा मीठ बाहेर टाकलं असेल. रक्तातलं सोडियम शरीर फार काटेकोरपणे एका ठरलेल्या पातळीत राखतं. आईच्या ताटातलं मीठ जसंच्या तसं नाळेतून बाळावर ओतलं जात नाही.

तुम्ही बाळाची किडनी "बिघडवली" असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रातच एक चांगली खूण आहे, जिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही: "गर्भजल व्यवस्थित होतं." गरोदरपणाच्या उत्तरार्धात गर्भजल म्हणजे बहुतांशी बाळाचीच लघवी. ते पुरेसं होतं याचा अर्थ बाळाची लघवी तेव्हा पुरेशी तयार होत होती.

बाळाला मिळणारी नेफ्रॉनची शिदोरी ठरवण्यात मिठापेक्षा कितीतरी बळकट पुरावा असलेल्या गोष्टी आहेत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्माच्या वेळचं कमी वजन, आईचं कुपोषण, ताब्यात नसलेला मधुमेह, धूम्रपान. आणि एक अशी, जी घराघरांत नकळत घडते: वेदनाशामक गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर घेतल्या तर गर्भाच्या किडनीचं काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं 2020 मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला. पाठ दुखते म्हणून घरातली गोळी घेणाऱ्या बायका मी कामात नेहमी बघते. त्या मिठाची चिमूट मोजतात, पण गोळीबद्दल कुणाला विचारत नाहीत. दुखलंच तर गोळी कोणती घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारा.

आता अंधारी. गरोदरपणात रक्ताचं आकारमान जवळजवळ निम्म्याने वाढतं. ते वाढीव रक्त, गर्भजल, नाळ आणि बाळ यांसाठी शरीर नऊ महिन्यांत सुमारे 900 ते 1,000 मिलिमोल सोडियम साठवून ठेवतं. मिठाच्या भाषेत हे 50-60 ग्रॅम होतात. नऊ महिन्यांवर पसरले तर दिवसाला चिमूटभरच, म्हणून गरोदर बाईनं मुद्दाम जास्त मीठ खायची गरज नसते. पण ही चिमूटही येऊ द्यायची नाही, वर उलट्या होत असतील तर त्यांतूनही मीठ जातंय, आणि नेमक्या याच महिन्यांत रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब थोडा खाली आलेला असतो. मग उभं राहिल्यावर अंधारी येणं अगदी शक्य आहे. कारण रक्त कमी असणं किंवा आणखी काहीही असू शकतं, म्हणून तपासणी हवीच. पण मिठावरची बंदी आजच उठवा.

दुसरं कारण आयोडीन. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, आणि आयोडीनयुक्त मीठ हा त्याचा मोठा स्रोत. बाळाच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते, पहिल्या तीन महिन्यांत तर फारच, कारण बाळाची स्वतःची ग्रंथी अजून कामाला लागलेली नसते. किडनी वाचवायच्या भरात मेंदूच्या वाट्याचं काढून घेतलं जाऊ नये. याच कारणानं गुलाबी मीठ, सैंधव, खडेमीठ असे पर्याय मी गरोदर बायकांना सुचवत नाही. सोडियम त्यांच्यातही जवळजवळ तेवढंच असतं, आणि आयोडीन बहुधा नसतं. "कमी सोडियमचं" म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण गर्भवती, मुलं आणि किडनीचे रुग्ण यांना त्यातून वगळलं आहे. ते तुमच्यासाठी नाही.

गरोदरपणी मीठ तोडण्याची कल्पना नवी नाही. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरच गर्भवतींना मीठ बंद करायला सांगत, सूज आणि रक्तदाब टळेल या आशेनं. पुढे नेदरलँड्समध्ये 603 स्त्रियांवर नीट चाचण्या झाल्या. मीठ कमी केल्याने गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार टळतो असं त्यांत दिसलं नाही. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही, केवळ तो विकार टाळण्यासाठी मीठ तोडू नये, असंच सांगितलं. तुमचा रक्तदाब आधीपासून जास्त असता, किडनीचा किंवा हृदयाचा आजार असता, तर गोष्ट वेगळी. तिथे मिठाचं माप तुमचे डॉक्टर ठरवतील, मी किंवा कुठलाही लेख नाही.

मग जाऊबाई चुकीच्या होत्या का? नाही. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, तुम्ही त्याचा अर्थ फार पुढे नेलात. प्रौढ माणसासाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराला थोडं कमी, असं माप जागतिक आरोग्य संघटनेनं घालून दिलंय. आपण माणसं जगभरात सरासरी त्याच्या दुप्पट, 10 ग्रॅमहून जास्त खातो. तुम्ही मोठ्याच्या वेळी बहुधा या सरासरीच्याही वर होता. तसं पुन्हा नको, हे खरं. पण ते तुमच्या स्वतःच्या रक्तदाबासाठी, आणि घरात पुढे रुजणाऱ्या सवयीसाठी.

प्रत्यक्षात काय करायचं? घरच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ बेताचं घाला, सगळ्यांसाठी रांधलेलंच जेवा. वेगळं अळणी शिजवणं बंद करा, त्या वेगळ्या भांड्यात तुम्ही स्वतःला शिक्षा वाढून घेताय असं मला वाटतं. कात्री लावायची ती पाकिटांना, तयार सुपांना, वरून भुरभुरण्याला. पाकिटावर बहुतेकदा मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणा. शंभर ग्रॅमला 600 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ, आणि हे जास्तच समजायचं. जिभेला काही आठवडे सगळं फिकं लागेल, मग ती जुळवून घेते. डोहाळे अनावर झाले तर वाटीत थोडं काढून घेऊन खा, पाकीट घेऊन बसू नका.

उलट्यांबद्दल थोडं. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख केलेला नाही, पण अकराव्या आठवड्यात त्या अनेकींना असतात. अमेरिकेत झालेल्या काही अभ्यासांत, आईला गरोदरपणी बऱ्याच उलट्या झाल्या असतील तर मुलांना पुढे खारट जास्त आवडतं, असं दिसलंय. पोटात असताना शरीरातलं पाणी आणि मीठ कमी पडलं तर बाळाची चवही त्या बाजूला झुकते, असा त्याचा अर्थ लावतात. तेव्हा उलट्या खूप होत असतील तर सोसत बसू नका, त्यावर सुरक्षित औषधं आहेत.

मोठ्यासाठी आज काय करता येईल, हे तुम्ही विचारलं नाहीत. अपराधीपणा माणसाला मागेच बघायला लावतो. पण चौदा महिन्यांच्या मुलाच्या बाबतीत पुढचं बरंच काही तुमच्या हातात आहे. डॉक्टरांनी "पुन्हा बघू" म्हटलं होतं ना, ती सोनोग्राफी झाली का? राहिली असेल तर तारीख घ्या. उघड कारण नसताना ताप आला, लघवी करताना तो रडला, धार बारीक किंवा थेंबथेंब पडली, तर लघवीची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. मुलांचा रक्तदाब साधारण तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा मोजतात. ज्यांच्या किडनीबद्दल आधीपासून काही नोंद आहे, त्यांचा त्याआधीही मोजतात. बालरोगतज्ज्ञांना आठवण करून द्या, लहान मापाचा पट्टा लागतो, म्हणून ते राहून जातं.

आणि त्याच्या जेवणातलं मीठ. पहिलं वर्षभर बाळाच्या जेवणात वरून मीठ घालायचं नसतं, त्यानंतरही हात आखडताच हवा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये 476 नवजात बाळांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना पहिले सहा महिने कमी सोडियमचा आहार दिला, निम्म्यांना नेहमीचा. सहा महिन्यांनी कमी सोडियमवाल्यांचा वरचा रक्तदाब सुमारे 2 अंकांनी कमी होता. त्यांतल्या काही मुलांना पंधराव्या वर्षी पुन्हा गाठून मोजलं तेव्हा फरक साडेतीन अंकांच्या आसपास होता. माणसांच्या मुलांवरचा, नीट आखलेला असा पुरावा मला उंदरांच्या प्रयोगापेक्षा मोलाचा वाटतो. बाळ पोटातून बाहेर आल्यावरही दार बंद होत नाही, हे तो दाखवतो.

कुणी अंगावर पाजत असेल आणि तिला प्रश्न पडला असेल, तर दुधातलं सोडियम आईच्या खाण्याने फारसं हलत नाही. आईचं दूध मुळातच कमी मिठाचं असतं. त्यासाठी अळणी जेवायची गरज नाही.

नवऱ्याशी यावरून वाद घालू नका. त्यांना हे पत्र वाचायला द्या आणि मुलाच्या सोनोग्राफीला दोघं मिळून जा. "माझ्यामुळे झालं का?" हा प्रश्न तिथे डॉक्टरांसमोर मोठ्याने विचारा. मनात घोळवत ठेवलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही आणि तो रात्री मोठा होतो. मोठ्याच्या किडनीचं चित्र समोर ठेवून ते जे सांगतील, त्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवा.

तुमच्या पुढच्या तपासणीत रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि लघवी हे बघायला सांगा, आणि तीन आठवडे मीठ बंद होतं हे न लाजता सांगा. पुढच्या महिन्यांत अचानक चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज आली, डोकं ठणकलं, दिसायला अंधुक झालं, बरगड्यांखाली दुखलं, किंवा रक्तदाब 140/90 वर गेला, तर वेळ न दवडता दवाखाना गाठा.

अंधारीसाठी मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका. आज रात्री सगळ्यांबरोबर, मीठ घातलेलं जेवा, उठताना आधी बसून मग उभ्या राहा, मुलाला कडेवर घेऊन एकदम उठू नका, आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा.